माझे फोटो पाहून सासूबाईंना क्रूझला जायचंय

ताई,

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी, नवरा आणि दोन मुलं असे आम्ही चौघं भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. जाहिरातीत व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम अशी नावं होती. एक जोडपं रिकाम्या डेकवर कठड्याला टेकून सूर्यास्त बघत होतं. ते चित्र मी कितीतरी महिने मनात घेऊन फिरत होते. प्रत्यक्षात 'व्हेनिस' म्हणून जिथे जहाजावर चढलो ते राव्हेन्ना निघालं. रोमच्या दिवसाचा मोठा भाग बसमध्ये गेला. केबिनला खिडकी नाही, लिफ्टसमोर रांग, पोहण्याच्या तलावाभोवती एक खुर्ची मोकळी नाही, आणि शेवटी हातात आलेलं बिल बघून धक्काच बसला. नवरा आणि मुलं मात्र मजेत होती. एका संध्याकाळी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाला बोलले नाही. उलट घरच्या ग्रुपवर एकाहून एक सुंदर फोटो टाकत राहिले.

आता तेच फोटो बघून सासूबाई आणि सासरे म्हणतायत, पुढच्या वर्षी आम्हालाही जायचंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सासूबाईंना गर्दी सोसत नाही. साठवलेल्या पैशांतले बरेच ते यात घालणार. खरं सांगावं तर नवरा म्हणेल, एवढं छान होतं आणि तू नावं ठेवतेस. न सांगावं तर मीच त्यांना फसवल्यासारखं होईल. आणि खरं सांगा, इतकं वाईट वाटण्यासारखं त्यात काही होतं का, की मीच कृतघ्न आहे?

— एक सून

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही कृतघ्न नाही. तुम्हाला एक सहल दाखवली गेली आणि दुसरी मिळाली. ती दुसरी वाईट नव्हती, घरच्यांना आवडलीसुद्धा. पण ती वेगळी होती, आणि तो फरक तुम्हालाच टोचला, कारण पहिलीचं चित्र इतके महिने जपून ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. नवऱ्याने बहुधा ती जाहिरात एकदा पाहिली असेल आणि तारखा ठरवल्या असतील. मुलांनी तर पाहिलीच नसेल. त्यांनी समोर आलं ते जसंच्या तसं घेतलं. तुमच्या समोर प्रत्येक वेळी दोन गोष्टी होत्या, आलेली आणि अपेक्षित असलेली. त्या संध्याकाळच्या रडण्यात लाजण्यासारखं काही नाही.

क्रूझच्या जाहिरातीत सहसा सरळसरळ खोटं नसतं. त्यातून दोन गोष्टी वगळलेल्या असतात, माणसं आणि वेळ. तुमच्या पत्रातली जवळजवळ प्रत्येक तक्रार या दोनांपैकी एकीची आहे. म्हणून सासू-सासऱ्यांशी बोलण्याआधी हे नीट मांडून घेऊ, म्हणजे तुम्हाला 'छान होतं' किंवा 'वाईट होतं' असं काही ठरवून सांगावं लागणार नाही.

व्हेनिसपासून सुरू करते. इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यातून आणि सॅन मार्को चौकासमोरून जायला बंदी केली. शहराच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, त्या नाजूक शहरासमोरून तरंगते मनोरे जाताना बघवत नसे. पण आजची नेहमीची क्रूझ जहाजं या मर्यादेच्या कितीतरी पट मोठी आहेत. त्यामुळे ती आता मार्गेराला, ट्रिएस्टला किंवा राव्हेन्नाला लागतात. राव्हेन्ना ते व्हेनिस रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. बंदर बदललं, पण जाहिरातीवरचं नाव बदललं नाही, कारण सहल विकली जाते ती त्या नावावर. तुमचे बुकिंगचे कागद काढून बघा. बहुतेक 'व्हेनिस'च्या पुढे कंसात, बारीक अक्षरात 'राव्हेन्ना' लिहिलेलं सापडेल.

मला यातली जास्त वाईट वाटणारी गोष्ट पुढेच आहे. राव्हेन्ना हे काही वाटेतलं कुठलंतरी गाव नाही. पश्चिम रोमन साम्राज्याची शेवटच्या काळातली राजधानी तिथे होती. पाचव्या आणि सहाव्या शतकातली तिथली मोझेक-चित्रं जगात नावाजलेली आहेत आणि युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. इटलीचा महाकवी दान्ते १३२१ मध्ये तिथेच वारला, त्याची कबरही तिथेच आहे. कुणी आधी सांगितलं असतं, तर तुम्ही एक दिवस आधी पोचून ते सगळं शांतपणे बघितलं असतं आणि त्या गावाची आठवण आनंदाने घेऊन आला असता. जाहिरातीने व्हेनिस दिलं नाही ते नाहीच, पण राव्हेन्नाही तुमच्यापासून लपवून ठेवलं. तुमच्या डोळ्यांना ते फक्त 'व्हेनिस नसलेलं गाव' दिसलं.

रोमचं तसंच. जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लागतं लिव्होर्नोला, तेही नव्वदच्या आसपास. हे फक्त इटलीत होतं असं नाही. क्रूझच्या पत्रकातलं पॅरिस म्हणजे ल हाव्र बंदर, दोनशे किलोमीटर दूर. लंडन म्हणजे पुष्कळदा साउदॅम्प्टन. बर्लिन म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, तिथून बर्लिन दोनशेहून जास्त किलोमीटर. बँकॉक म्हणजे लाएम चाबांग, तेही शंभराच्या वरच.

आता याचे तास मांडा. समजा जहाज सकाळी सातला बंदराला लागलं आणि संध्याकाळी सातला निघणार आहे. पत्रकात हा 'रोममध्ये पूर्ण दिवस' असतो. बंदरावरचे अधिकारी कागद बघून जहाज मोकळं करतात, मग सहलीचे गट एकेक करून उतरवले जातात, बसपर्यंत पोचायला साडेआठ होतात. बसमध्ये दीड तास. परत येताना वाहतुकीची भीती म्हणून बस लवकर काढतात, आणि सगळे प्रवासी जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी जहाजावर हवेत असा नियम असतो. दोन्ही बाजूंचा प्रवास वजा केला की हातात पाच-सहा तास उरतात. त्यात गटाबरोबर चालणं, जेवण, स्वच्छतागृहाची रांग. दोन मुलं घेऊन तेवढ्या वेळात रोम होत नाही. तुमचं नियोजन चुकलेलं नव्हतं. तेवढे तासच तुम्हाला दिले गेले होते.

यादीतलं एखादं बंदर तर बघण्यासाठी नसतंच, कायद्यासाठी असतं. सिअ‍ॅटलहून निघून तिथेच परतणाऱ्या अलास्काच्या क्रूझमध्ये कॅनडातलं व्हिक्टोरिया बहुतेकदा असतं, आणि तेही पुष्कळदा फक्त संध्याकाळचे काही तास. कारण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन दुसरी अमेरिकी बंदरं करत त्यांना तिथेच परत आणलं तर वाटेत एखादं परदेशी बंदर करावं लागतं. क्रूझची बहुतेक जहाजं बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा ठिकाणच्या झेंड्याखाली चालतात. म्हणून ते बंदर यादीत येतं आणि पत्रकात त्याचा फोटो इतर बंदरांएवढाच मोठा छापला जातो. किती बंदरं करणार याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. प्रत्येक बंदरात किती तास आणि कोणत्या वेळचे, हे बघायचं.

हे वेळेचं झालं. माणसांचं गणित सोपं आहे, पण ते कुणी समोर मांडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज घ्या. ३६५ मीटर लांब, वीस डेक. प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी, आणि सगळ्या जागा भरल्या तर ७,६००. त्यांच्यावर कर्मचारी २,३५०. म्हणजे दहा हजारांच्या जवळ माणसं एका जहाजावर. जाहिरातीच्या फोटोत दोन असतात. तुमचं जहाज याहून लहान असेल, पण प्रमाण तेच.

यात एक गोष्ट तुमच्या सासू-सासऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कंपन्या जहाजाची क्षमता सांगतात ती केबिनमागे दोन माणसं धरून. शाळांना सुट्ट्या असल्या की तिसऱ्या आणि चौथ्या बर्थवर मुलं येतात आणि आकडा वर जातो. वरच्या उदाहरणात तो फरक दोन हजारांचा आहे. तुम्ही गेलात ऐन सुट्टीत, मुलांना घेऊन, म्हणजे जहाज सर्वांत भरलेलं असतं तेव्हा. तुम्ही पाहिलेली गर्दी खरी होती, पण ती त्या आठवड्यांची होती. सासू-सासऱ्यांना शाळेच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नाही. भूमध्य समुद्रात एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर या दिवसांत तेच जहाज पुष्कळ वेगळं वाटतं.

जहाज किती ऐसपैस आहे ते ताडायची एक जुनी रीत आहे. जहाजाचं सकल टनेज भागिले प्रवासी. इथे टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप. आयकॉनचं टनेज २,४८,६६३. केबिनमागे दोन माणसं धरली तर भागाकार साधारण ४४ येतो, पूर्ण भरल्यावर ३३ च्याही खाली उतरतो. लहान, महागड्या जहाजांवर तो साठाच्या पुढे असतो. हे दोन्ही आकडे प्रत्येक जहाजाच्या माहितीत मिळतात. फोटोतली केबिन मोठी दिसते ती कॅमेऱ्याच्या रुंद कोनाच्या (वाइड अँगल) भिंगामुळे, पण हा भागाकार कुठल्याही भिंगाने बदलत नाही.

बिलाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो घाव तुम्हाला बसून गेलाय आणि पुढच्यांना तो टाळता येण्यासारखा आहे. जाहिरातीतला आकडा 'इतक्यापासून' असा असतो. तो सर्वांत स्वस्त केबिनचा, दोघांनी मिळून घेतली तर माणशी येणारा. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेकदा दोघांचं भाडं पडतं. त्यावर रोजची माणशी टिप आपोआप खात्यात चढते. पेयं, वाय-फाय, जहाजावरच्या छायाचित्रकाराने काढलेले फोटो, खास उपाहारगृहं, किनाऱ्यावरच्या सहली, हे सगळं वेगळं. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं अशी अटही पुष्कळ ठिकाणी असते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून अनिवार्य शुल्कं जाहिरातीच्या किमतीत धरूनच दाखवण्याचा कायदा लागू झाला. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेतल्या जाहिरातींत कर आणि बंदर शुल्क आत घेतलं. टिप त्यानंतरही बाहेरच राहिली. आधी आणि नंतर दाखवलेल्या किमतींतला फरक बघितला की कायदा येईपर्यंत काय चाललं होतं ते कळतं, आणि मला त्याचा राग येतो.

एक विनंती मात्र करते. सासू-सासऱ्यांना पैसे वाचवायचा सल्ला द्याल तेव्हा टिप काढून टाकायला सांगू नका. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात किमान विश्रांती आठवड्याला ७७ तास अशी धरता येते. म्हणजे आठवड्याला ९१ तास काम नियमात बसतं. केबिन आवरणारी, ताटं उचलणारी ही माणसं महिनोन्‌महिने सुट्टीशिवाय असं राबतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या मिळकतीचा मोठा भाग ही टिप असते. ती भाड्यात धरूनच हिशेब मांडा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. सांगावं का? सांगावं, पण सल्ला म्हणून आधीच निकाल देऊ नका. त्यांना आधी विचारा, 'माझ्या फोटोंपैकी तुम्हाला कोणता सगळ्यांत आवडला?' माझ्या मते सगळं या उत्तरावर ठरतं.

त्यांनी रोमचा, एखाद्या चौकाचा, जुन्या गल्लीचा फोटो दाखवला, तर क्रूझ त्यांच्यासाठी नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने पाच तासांत, गटाच्या चालीने, दगडी फरसबंदीवरून रोम बघायला जाऊ नये. त्याच पैशांत त्यांनी एकाच शहरात आठवडाभर राहावं. सकाळी एक जागा बघावी, दुपारी झोपावं, संध्याकाळी दुसरी.

पण त्यांनी समुद्राचा फोटो दाखवला, डेकवरून काढलेला, तर? मला वाटतं तुमचे सासू-सासरे तोच दाखवतील. तसं झालं, तर जी सहल तुमच्यासाठी निराशेची ठरली तीच त्यांना मानवेल. तुम्हाला शहरं हवी होती आणि जहाज मिळालं. त्यांना जहाजच हवं असेल. सामान एकदा उघडायचं आणि आठवड्याने बांधायचं. प्रत्येक मजल्याला लिफ्ट. दमलं की खोली दोन मिनिटांवर. डॉक्टर जहाजावरच. समुद्रात घालवलेला पूर्ण दिवस, ज्यात तुमच्या मुलांना काय करू असं झालं असेल, तोच त्यांना सर्वांत आवडेल. जाहिराती जे दाखवत नाहीत असं एक सुखही क्रूझमध्ये खरोखर असतं. पहाटे उजाडण्याच्या सुमाराला डेकवर चिटपाखरू नसतं. रिकाम्या कठड्याचं ते चित्र तेव्हा खरं असतं. लवकर उठणाऱ्या वयाच्या माणसांना ते रोज मिळतं, वेगळं काही न मोजता.

तेव्हा त्यांच्यासाठी बुकिंग करताना काय बघायचं, ते माझ्या अनुभवाप्रमाणे महत्त्वाच्या क्रमाने सांगते.

सगळ्यांत आधी टेंडर. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात, त्या बोटीला टेंडर म्हणतात. हलत्या पायरीवरून हलत्या बोटीत उतरावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते फार जड. ग्रीसमधलं सँटोरिनी बेट हे याचं प्रसिद्ध उदाहरण. बोटीतून जुन्या बंदरावर उतरलं की गाव वर कड्यावर. तिथे जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या, आणि मोठी जहाजं एकाच दिवशी आली तर केबल कारची रांग उन्हात तास-दोन तास चालते. पत्रकातल्या फोटोतले ते निळे घुमट या रांगेच्या पलीकडे आहेत. कार्यक्रमात कुठल्या बंदराला टेंडर लागतो हे लिहिलेलं असतं. नसेल तर विचारून घ्या.

मग मार्ग. बघण्यासारखं सगळं जहाजावरूनच दिसतं असा मार्ग त्यांना जास्त मानवेल, उदाहरणार्थ नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या खोल खाड्या, किंवा अलास्काचा किनारा. अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, आणि तिथे कुणी उतरतच नाही. हिमनद्या डेकवरून, नाहीतर स्वतःच्या बाल्कनीतून बघायच्या. अशा ठिकाणी फोटो आणि अनुभव यांत अंतर फार कमी राहतं. थंडीचा विचार मात्र करा, सासूबाईंना कितपत सोसेल ते तुम्हालाच माहीत.

मग केबिन. या वयाच्या आणि या हेतूने जाणाऱ्या माणसांनी बाल्कनीवर खर्च करावा आणि बाकी पॅकेजं सोडून द्यावीत. सासूबाईंना गर्दी नकोशी झाली की आपल्याच दारामागे समुद्र असणं ही चैन नाही, त्यावर त्यांचा आठवडा ठरेल. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांपैकी घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. लिफ्टजवळ असावी. पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली किंवा नाट्यगृहावर नसावी. काही बाल्कन्यांसमोर जीवरक्षक बोटी टांगलेल्या असतात. त्यांच्या वर्णनात 'अडथळ्याचं दृश्य' असं म्हटलेलं असतं, ते वाचा. 'कुठलीही केबिन कंपनी देईल' अशा स्वस्त योजनेत त्यांना ढकलू नका. तिथे निवड तुमच्या हातात राहत नाही.

विमा घ्या, आणि त्यात समुद्रातून दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा. जहाजावरचे डॉक्टर चांगले असतात पण मोफत नसतात, आणि तब्येत जास्त बिघडली तर हेलिकॉप्टरचा खर्च सहलीच्या कित्येक पट होतो. जहाजावर पोटाच्या साथी येतात हेही खरं, जरी नोरोव्हायरसच्या एकूण साथींत क्रूझचा वाटा फार लहान आहे. हात साबणाने धुवायला सांगा. दारात ठेवलेलं सॅनिटायझर त्या विषाणूवर नीट चालत नाही. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था तपासते आणि शंभरपैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. जहाजाचं नाव घालून ते बघता येतं.

आणि एक कागद. जाहिरात हा करार नसतो, तिकिटाबरोबर येणारी लांबलचक अटींची पानं हा करार असतो. हवामान किंवा बंदरातली अडचण यांमुळे मार्ग बदलण्याचा, एखादं बंदर गाळण्याचा अधिकार त्यात कंपनीकडे असतो आणि भरपाई बहुधा फक्त त्या बंदराच्या शुल्काएवढी. वाद झाला तर खटला कुठल्या गावच्या कोर्टात चालायचा तेही त्यातच लिहिलेलं असतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्यातली बाई कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजावर मेक्सिकोजवळ घसरून पडली. तिकिटाच्या अटीप्रमाणे खटला फ्लोरिडातच चालवावा लागेल, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. देशाचं दुसरं टोक. प्रवाशांच्या बाजूने एक गोष्ट नंतर झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिन खोलीत आग लागली. चार हजारांवर माणसं विजेशिवाय, चालत्या संडासांशिवाय मेक्सिकोच्या आखातात अडकली. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. यांत्रिक बिघाडाने सहल रद्द झाली तर पूर्ण परतावा, मध्येच संपली तर काही भाग परत, असं तिच्यात आहे. गाळलेल्या बंदराबद्दल तिचा उपयोग नाही.

हे सगळं सासू-सासऱ्यांना सांगण्याआधी नवऱ्याशी बोला. 'क्रूझ वाईट होती' असं म्हणू नका, तो लगेच बचावाला उभा राहील, आणि त्याची मजाही खरीच होती. 'त्या आठवड्यात मला एका संध्याकाळी रडू आलं होतं, तुला सांगितलं नाही,' एवढंच म्हणा. मला खात्री आहे की तो विचारेल, का. मग रोमच्या तासांचा हिशेब दाखवा. जाहिरात तुम्ही शोधली, पैशांची जुळवाजुळव तुम्ही केली, बॅगा तुम्ही भरल्या, मुलांच्या वेळा तुम्ही सांभाळल्या, असं असेल तर तेही सांगा. सहलीचं ओझं आणि सहलीचं स्वप्न दोन्ही एकाच्याच अंगावर असलं की निराशाही त्याच एकाला येते, आणि पुढच्या सहलीआधी हे त्याला कळायला हवं.

फोटोंबद्दल मनाला लावून घेऊ नका. सुंदर क्षणांचे फोटो आपण सगळेच काढतो, रांगेचा कुणी काढत नाही. सासूबाईंना सरळ म्हणा, 'फोटो खरे आहेत आई, पण ते आठवड्यातले थोडेसे क्षण आहेत. बाकीचा आठवडा कसा जातो ते मी तुम्हाला सांगते.' मग शांतपणे सांगा. त्यांना जायचं असेल तर तुमच्या त्या आठवड्याचा त्यांना कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त उपयोग होईल.

घाई करू देऊ नका. जानेवारी ते मार्च हा क्रूझवाल्यांचा मोठा विक्रीचा हंगाम असतो. 'आज रात्रीपर्यंतच' अशा सवलतींचे फोन येतील. एजंटला चार गोष्टी विचारा. प्रत्येक बंदराचं खरं नाव आणि तिथले तास, टेंडर कुठे लागतो, त्या तारखांना शाळांच्या सुट्ट्या आहेत का, आणि टिप व कर धरून दोघांचं शेवटचं बिल किती. उत्तरं लेखी मागा. जो देणार नाही त्याच्याकडे बुकिंग करू नका.